शेजारच्या बाजूचा पट्टा

मशीन बंद केलं तेव्हा रसेल डोम्बेकच्या लक्षात आलं, की आपण भलत्याच घराचं लॉन कापलं आहे. भलतं म्हणजे अनोळखी नव्हे. मागच्या अंगणातल्या मेपलच्या बुंध्याभोवती त्यानं मशीन दोनदा फिरवलं होतं, आधी उजवीकडून आणि मग डावीकडून, कारण त्या झाडाचं एक मूळ जमिनीच्या वर आलेलं आहे आणि एकाच बाजूनं गेलं तर पातं त्यावर आपटतं. कुंपणाचं फाटक त्यानं किंचित वर उचलून उघडलं होतं, कारण उचलल्याशिवाय ते उघडत नाही. मागच्या डाव्या कोपऱ्यात जमीन ओली असते, तिथं त्यानं मशीनचा वेग कमी केला होता. हे सगळं हातांनी केलं होतं. त्याला कुणी विचारलं असतं, की तू आत्ता काय करतो आहेस, तर त्यानं मिसेस वासेकचं लॉन कापतो आहे असंच सांगितलं असतं. मिसेस वासेक शेजारच्या घरात राहते. आणि हे घर, ज्याच्या मागच्या अंगणात तो आता उभा होता, गेल्या वर्षापर्यंत त्याचं होतं; त्याचं आणि त्याच्या बायकोचं, रोंडाचं.

चूक कशी झाली हे त्याला कळत होतं. पुढच्या बाजूला दोन घरांच्या मध्ये कुंपण नसलं की हिरवळ सलग असते, आणि हद्द कुठं आहे हे फक्त त्या दोन घरांना आणि गवत कापणाऱ्याला माहीत असतं. बरोबर हद्दीवर थांबलं तर एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला वाढलेलं गवत अशी उघडी रेघ दिसते, न्हाव्यानं अर्ध्यात सोडल्यासारखी. म्हणून ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या दक्षिणेकडच्या या सगळ्या उपनगरांत जुनी माणसं शेजाऱ्याच्या बाजूला एक पट्टा जास्त कापतात. मशीनच्या रुंदीचा एकच पट्टा. त्याचे पैसे नसतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि जो कापत नाही त्याच्याबद्दल मात्र बोलतात. घर विकल्यापासून रसेल दर गुरुवारी मिसेस वासेकचं लॉन कापून झालं की शेजारच्या बाजूला असा एक पट्टा घ्यायचा आणि मान वर न करता परत फिरायचा. या गुरुवारी तो पट्ट्याच्या टोकाशी गेला आणि परत फिरताना मशीन शेजारच्याच बाजूला वळलं. मग दुसरा पट्टा झाला, तिसरा झाला, मग तो फाटक उचलून मागे गेला.

त्याला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. असं काही झालं की माणसाला काहीतरी वाटायला हवं, एवढं फक्त त्याला आठवलं. तो उजव्या हाताची बोटं मिटून उघडून बघत उभा राहिला. या हाताच्या दोन बोटांची टोकं गेल्या वर्षापासून बधिर होती. मशीनच्या मुठीतला थरथराट वर्षानुवर्षं हातांत जात राहिला की आधी बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि मग संवेदना कमी होते, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. त्यानं डोळे मिटायला लावून बोटांना काहीतरी टोचलं होतं आणि विचारलं होतं, टोकदार वाटतंय का बोथट. रसेल दर वेळी 'ठीक आहे' म्हणाला होता. डॉक्टर हसला नव्हता. 'ठीक आहे' हे उत्तर नाही, असं तो म्हणाला होता.

मागचं दार उघडून एक तरुण बाई बाहेर आली. गळ्यात हेडफोन, पायांत मोजे, हातात कॉफीचा मग. दारातून उतरताना तिनं दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा पायरी वाजली नाही. म्हणजे पायरी बदलली होती. आपलं नाव ब्रियाना, असं तिनं सांगितलं, आणि नवऱ्यानं तुम्हाला बोलावलं का, असं विचारलं. रसेल म्हणाला की नाही, चूक झाली, मी शेजारच्यांचं करतो, करता करता इकडे आलो. ती हसली. त्यांचं मशीन वसंतातच बिघडलं होतं आणि नवरा रोज उद्या बघतो म्हणत होता.

"अशी चूक दर आठवड्याला केलीत तरी चालेल," ती म्हणाली. "किती घेता?"

रसेलनं तोंड उघडलं. आत आकडा नव्हता.

कळवतो, असं तो म्हणाला. तिनं कधी विचारलं. शुक्रवारी सांगतो म्हणाला. आणखी दोघांना विचारलंय, त्यांचे भाव आलेत, म्हणून जरा लवकर, असं ती म्हणाली आणि आजचे तरी घ्या म्हणून फोन काढायला लागली. चुकून कापलेल्याचे पैसे नसतात, असं सांगून तो फाटकातून बाहेर पडला. बाहेर पडताना त्यानं फाटक पुन्हा किंचित उचललं.

रस्त्यावर ट्रक आणि ट्रेलर उभा होता आणि ट्रेलरच्या कडेला कर्टिस बसून कडा कापायच्या ट्रिमरची दोरी बदलत होता. तो समोरच्या बाजूची दोन घरं उरकून आला होता. कर्टिस त्याच्याकडे सहा हंगामांपासून आहे. मोठा देह, बारीक आवाज, दोन मुली, आणि हिवाळ्यात बर्फ काढायच्या कामालाही येणारा. त्यानं कापलेल्या लॉनकडे बघितलं, मग घराकडे, मग रसेलकडे. "हे गिऱ्हाईक कधी धरलं?" असं तो म्हणाला आणि लगेच त्याला आठवलं असावं, कारण त्यानं मान खाली घालून दोरी गुंडाळायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं, गाडी पुढच्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, "निदान पैसे तरी घेतलेस का, मालक?" तो रसेलला मालक म्हणतो ते फक्त चिडला की.

कर्टिसला चिडायचं कारण होतं. बँका आणि दवाखान्यांची मोठी लॉनं करणाऱ्या एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं. तासाला जास्त पैसे आणि पाठीवर कंपनीचं नाव छापलेला शर्ट. त्यानं रसेलला सरळ सांगितलं होतं, की चार जुलैपर्यंत थांबतो, तोवर मला तेवढं देता आलं तर दे, नाहीतर मी जातो आणि आपण मित्र राहू. त्याला तेवढं देण्यासाठी प्रत्येक गिऱ्हाइकामागे थोडे डॉलर वाढवले की भागत होतं. कर्टिसनं एका दुपारी कागदाच्या पिशवीवर हिशेब करून दाखवला होता. फार नाही, रसेल, एका बर्गरचे पैसे, असं तो म्हणाला होता. आणि कर्टिस गेला तर एवढी लॉनं एकट्यानं करणं शक्य नव्हतं, अर्धी सोडावी लागली असती, आणि अर्ध्यांत ट्रकचा हप्ता निघाला नसता. हे रसेलला पूर्ण कळत होतं. दर सोमवारी सकाळी तो ठरवायचा, की आज पहिल्या घराला सांगायचं. पहिल्या घराचं दार उघडायचं, माणूस म्हणायचा, काय रसेल, आणि रसेल म्हणायचा, यंदा पाऊस बरा आहे.

आकडे रोंडा सांगायची. धंदा सुरू केला तेव्हा त्याला पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या कारखान्यानं कामावरून कमी केलं होतं आणि ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात फोन घ्यायला बसायची. पहिल्या वर्षी एकच मशीन, तेही तिच्या चुलतभावाचं. शनिवारी दोघं ट्रकनं निघायचे. नव्या घरासमोर तो गाडी उभी करायचा आणि ती खाली उतरायची नाही. काच अर्धी खाली करून बसायची आणि ठरलेल्या क्रमानं बघायची: पुढे उतार आहे का, मागे जायचं फाटक मशीन जाईल एवढं रुंद आहे का, झाडं किती आणि मुळं वर आहेत का, कुत्रा आहे का, पाणी कुठं साचतं. मग घराकडे बघायची, म्हणजे माणसांकडे. पडदे, मुलांची खेळणी, कचऱ्याच्या डब्याचं झाकण लावलंय की नाही. ज्यांच्या दारात दोन वेगवेगळ्या सुरक्षा कंपन्यांच्या पाट्या असतात ते दर आठवड्याला फोन करतात, असं तिचं म्हणणं होतं, आणि त्यांच्या आकड्यात ती कटकटीचे पाच डॉलर आधीच धरायची. मग ती आकडा म्हणायची. मोठ्यानं नाही. किराणा घेताना दूध किती आणायचं हे सांगावं तसा.

लोक गवताचे पैसे देत नाहीत, ती म्हणायची, आपल्या मोकळ्या शनिवारचे देतात. म्हणून गवत मोजायचं नाही, शनिवार मोजायचा. आणि आकडा सांगितल्यावर माणसाच्या डोळ्यांकडे बघायचं. लगेच हो म्हणाला, तुमच्याकडे बघत हो म्हणाला, तर समजायचं की कमी सांगितलं. हसला तर जास्त झालं. बरोबर भाव ऐकला की माणूस आधी वळून आपल्या हिरवळीकडे बघतो. ती तेवढ्यासाठी आहे का, हे तो तेव्हा पहिल्यांदा बघत असतो. रसेलला हे सगळं पाठ होतं. तो ते कुणालाही समजावून सांगू शकला असता. पण त्या क्रमाच्या शेवटी जिथं आकडा यायला हवा होता तिथं त्याला फक्त काच अर्धी खाली आलेली दिसायची, आणि तिच्या कानामागे अडकवलेली पेन्सिल.

धंदा वाढला तो तिच्यामुळे, आणि तोही तिच्या पद्धतीनं. लांबचं गिऱ्हाईक घ्यायचं नाही. ट्रेलरचं दार एकदा खाली टाकलं की त्या रस्त्यावरची चार-पाच घरं झाली पाहिजेत. म्हणून एका रस्त्यावरचं पहिलं घर ती स्वस्तात द्यायची, शेजारचं बरोबर भावात, आणि तिसऱ्या घरानं स्वतःहून विचारलं की त्याला जास्त सांगायची. असे रस्ते जोडत ते पुढे सरकत गेले. रसेल यंत्रं सांभाळायचा, पाती धारेला लावायचा, गवताच्या उंचीप्रमाणे पातं वर-खाली करायचा. एका वेळी तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही, नाहीतर गवत दचकतं. हा शब्द त्याचा होता. तिला तो आवडायचा. गवत खालून वाढतं, असं तो तिला एकदा सांगत होता. वाढणारा भाग मातीलगत असतो आणि गवताच्या पात्याचं टोक हा त्याचा सगळ्यात जुना भाग, म्हणून आपण दर आठवड्याला जे कापतो ते जुनंच असतं आणि गवताला त्याचं काही वाटत नाही. वाटत नाही हे तुला कसं माहीत, ती म्हणाली होती. तेव्हा ते मागच्या पायरीवर बसले होते आणि पायरी वाजत होती.

ती गेली तेही असंच, आवाज न चढवता. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी होता. बर्फ काढून तो पहाटेचा घरी आला होता आणि ओट्यावर ब्रेडला लोणी लावत होता. ती टेबलाशी बसून म्हणाली, की मी टूसॉनला बहिणीकडे जाते आहे, राहायला. इथं आता मला काही होत नाही, असं काहीतरी ती म्हणाली. माझं काही अडत नाही म्हणाली असेल, किंवा मला काही वाटत नाही. नेमके शब्द त्यानं नंतर खूप शोधले. तो "बरं" म्हणाला होता. ब्रेडच्या कडेपर्यंत लोणी पोहोचलं नव्हतं, ते त्यानं सुरीनं पोहोचवलं. भांडण झालं नाही. घर विकलं, पैसे वाटून घेतले, तो एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेला. टूसॉनच्या वाळवंटात घरासमोर हिरवळ लावत नाहीत, दगड पसरतात. हे तिनं फोनवर सांगितलं होतं, आणि त्यावर दोघं हसलेही होते.

शुक्रवारी जेवायच्या वेळेला त्यानं गाडी एका चर्चच्या मागे सावलीत उभी केली. कर्टिस बाहेर गवतावर बसून मुलीशी फोनवर बोलत होता, गणितातलं काहीतरी. रसेलनं सँडविच अर्धं खाल्लं आणि रोंडाला फोन लावला. तिकडे अजून सकाळ होती. त्यानं तिला धंद्याबद्दल गेल्यापासून काही विचारलं नव्हतं. वाढदिवसाला आणि करांच्या कागदांसाठी तेवढे ते बोलत. एका घराचा भाव काढून हवाय, असं तो म्हणाला. ती म्हणाली, "अजून मलाच विचारतोस?"

"एकच घर आहे."

"सांग," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

तिनं जुन्याच क्रमानं विचारलं. पुढे सपाट आहे, तो म्हणाला. मागे फाटक आहे पण मोठं मशीन जात नाही, हातानं ढकलायचं न्यावं लागतं. झाड एकच, मेपल, मूळ वर आलेलं. कुत्रा नाही. माणसं तरुण आहेत, बाई घरून काम करते. तिनं हं म्हटलं. पाणी कुठं साचतं, तिनं विचारलं. मागे डाव्या कोपऱ्यात ओल असते, रसेल म्हणाला. तळघरातलं पाणी उपसणारा पाइप तिथं सुटतो.

पलीकडे एक पक्षी ओरडत होता, ओहायोत असतो तसा नव्हे, कोरड्या गळ्याचा. रसेल वाट बघत राहिला. सँडविचमधून टोमॅटोची फोड सरकून त्याच्या मांडीवर पडली आणि ती त्यानं तशीच राहू दिली.

"मुळावर पातं आपटलं का?" तिनं विचारलं.

"नाही. दोन्ही बाजूंनी घेतलं."

"साठ," रोंडा म्हणाली.

हे चाळीसचं काम आहे, तो म्हणाला. दुसऱ्या कुणी केलं तर चाळीसचं, ती म्हणाली. "तुला तिथं दुप्पट वेळ लागेल, रसेल. तू तिथं नेहमी सावकाश करायचास. वेळेचे पैसे घ्यायचे की नाही?" तिचा आवाज तसाच होता, दूध किती आणायचं ते सांगणारा. तो "बरं" म्हणाला.

"बघ," ती म्हणाली. "पुन्हा लगेच हो म्हणालास."

तू तेव्हाही ठरवूनच बोलली होतीस, असं तो म्हणाला. ठरवलं होतंच, ती म्हणाली, आणि आताही मी काही बदलायला सांगत नाहीये. "पण भाव सांगितल्यावर माणसानं निदान एकदा वळून वस्तूकडे बघावं." मग तिनं कर्टिस अजून आहे का ते विचारलं. चार जुलैपर्यंत, रसेल म्हणाला. मग भाव वाढव, ती म्हणाली. मला नको विचारू. तिकडे दारावरची घंटा वाजली आणि ती ठेवते म्हणाली.

फोन ठेवल्यावर तो काच अर्धी खाली करून बसला. आपल्याला वाईट वाटतं आहे का, हे त्यानं डॉक्टरच्या सुईकडे लक्ष द्यावं तसं लक्ष देऊन बघितलं. टोकदार वाटत नव्हतं. बोथटही म्हणता आलं नसतं. चर्चच्या मागचं गवत कुणीतरी फार आखूड कापलं होतं आणि ते मधूनमधून पिवळं पडलं होतं.

दुपारी तो ब्रियानाच्या दारात गेला. पुढच्या दाराला त्यानं यापूर्वी कधी घंटा वाजवली नव्हती. घंटेचा आवाज तोच होता, पण बाहेरून ऐकला की तो लांबून आल्यासारखा वाटत होता. ती बाहेर आली, आज पायांत चपला होत्या. साठ, तो म्हणाला. आकडा तोंडातून बाहेर पडताना त्याला त्याचं वजन जाणवलं, जिभेवर नाणं ठेवल्यासारखं.

ती हसली नाही आणि हो म्हणाली नाही. ती वळली आणि पायऱ्या उतरून हिरवळीकडे बघायला लागली. ती बघते आहे म्हणून रसेलनंही तिच्या नजरेमागे नजर नेली. काल कापलेले पट्टे अजून दिसत होते, एक फिका, एक गडद, गवत ज्या दिशेनं वाकलं त्याप्रमाणे. खिडकीखालची झुडपं काढून टाकली होती. भिंतींना राखाडी रंग दिला होता, आणि तो वाईट नव्हता.

दुसरे चाळीस म्हणतात, ती म्हणाली. त्यांचं काम चांगलं असेल, रसेल म्हणाला. तिनं थोडा विचार केला. "आठवड्याआड केलं तर?"

हे तो पुष्कळदा ऐकत आला होता आणि दर वेळी रोंडाकडे बघत आला होता. आता बघायला कुणी नव्हतं. "आठवड्याआड मी करत नाही," तो म्हणाला. "गवत फार वाढतं. मग एकदम जास्त कापावं लागतं, ते त्याला सोसत नाही."

मग राहू दे, ब्रियाना म्हणाली, आणि रागावून नव्हे. तिचा नवरा तसाही नवं मशीन घेऊ म्हणत होता, दर शनिवारी थोडा घाम गाळेल. ती हसली, आणि रसेलही हसला. मग परत जाता जाता तो थांबला. मागच्या डाव्या कोपऱ्यात जड मशीन नेऊ नका, तो म्हणाला, रुतेल. आणि झाडाचं मूळ दोन्ही बाजूंनी घ्या. आणि ते फाटक आहे ना, ते थोडं उचलून उघडायचं.

"आम्ही तर ते लाथ मारून उघडतो," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

"काल उघडलं ना," रसेल म्हणाला.

तो ट्रककडे गेला नाही. दोन घरांमधली हिरवळ ओलांडून मिसेस वासेकच्या बाजूच्या दाराशी गेला. ती ऐंशीच्या पुढची, चेक आईबापांची मुलगी, खसखस भरलेले गोड पाव भाजणारी आणि पैसे फुलाच्या कुंडीखाली ठेवणारी. हद्दीवरच्या त्या एका पट्ट्याबद्दल तिनं रसेलच्या आधीच्या माणसाला शिव्या घातल्या होत्या. तिच्या घराचा भाव रोंडानं सहा वर्षांपूर्वी ठरवला तो बत्तीस होता. जाळीच्या दारामागून ती म्हणाली, काय रे, आज शुक्रवार. रसेल म्हणाला, की या महिन्यापासून चाळीस घ्यावे लागतील. यंदा पाऊस बरा आहे, हेही त्याच्या तोंडात आलं होतं, ते त्यानं गिळलं.

मिसेस वासेकनं जाळीचं दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला आणि आपल्या हिरवळीकडे बघितलं. पार हद्दीपर्यंत, आणि हद्दीपलीकडच्या पट्ट्यापर्यंत.

"मला वाटायला लागलं होतं, तू आता मरेपर्यंत बत्तीसच घेणार," ती म्हणाली. "म्हटलं, बायको गेली ती आकडेही घेऊन गेली."

"चाळीस जास्त होतात का?"

"होतात," ती म्हणाली. "पण कुंडीखाली मावतील." आणि मग, आत वळताना, "काल तू पलीकडे कापत होतास ते मी बघत होते. मला वाटलं हाक मारावी. मग म्हटलं, होऊ दे त्याचं."

ट्रकमध्ये कर्टिस दोन्ही पाय डॅशबोर्डवर टाकून बसला होता. चाळीस सांगितले, रसेल म्हणाला. कुणाला? म्हातारीला. आणि ती? हो म्हणाली. कर्टिसनं पाय खाली घेतले. तू म्हणालास, असं त्यानं विचारलं, तुझ्या स्वतःच्या तोंडानं? मग तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि त्याच्या बारीक आवाजात म्हणाला, की तिच्याकडून निघाले म्हणजे सगळ्यांकडून निघतील. आणि पलीकडच्या घराचं काय झालं? ते नाही म्हणाले, रसेल म्हणाला. कर्टिसनं मान हलवली. मग गाडी पुढच्या घरापाशी थांबली आणि रसेल एकटा खाली उतरला, आणि पुढच्याशीही, आणि संध्याकाळपर्यंत एक माणूस हसला आणि एकानं मशीनचा आवाज मोठा आहे अशी तक्रार केली, आणि उरलेल्यांनी वळून आपल्या हिरवळीकडे बघितलं. प्रत्येक वेळी रसेलही बघत होता. ही लॉनं तो किती वर्षं कापत होता, पण इतकी थांबून त्यानं ती बघितली नव्हती. काहींच्या कडा चांगल्या नव्हत्या. कर्टिसला त्याबद्दल सांगायला हवं होतं.

जुलै लागायच्या आतल्या शेवटच्या गुरुवारी ते पुन्हा त्या रस्त्यावर होते. चार तारखेबद्दल कर्टिस काही बोलला नव्हता; त्यानं फक्त आपल्या मुलीला ट्रेलरच्या मागच्या दारावर धंद्याचा फोन नंबर नीट रंगवून द्यायला सांगितलं होतं, कारण जुना वाचता येत नव्हता. शेजारच्या घरापुढे एक नारिंगी मशीन उभं होतं, त्याच्या मुठीला दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती. गवत घोट्याच्या वर गेलं होतं. शनिवारची वाट बघत असणार.

रसेलनं मिसेस वासेकचं लॉन पूर्ण केलं आणि मशीन हद्दीपलीकडे घातलं. उंच गवतात पात्याचा आवाज बदलला, जाड झाला. डाव्या हाताला सगळं वाढलेलं गवत आणि त्यामागे राखाडी भिंती, फाटक, कुंपणावरून दिसणारा मेपलचा शेंडा. टोकाशी पोहोचल्यावर त्यानं मशीन थांबवलं आणि तिकडे बघितलं. एखाद्या गिऱ्हाइकाला लागेल तेवढाच वेळ. मुठीवरच्या हातांत थरथराट चालू होता आणि बधिर बोटांपाशी येऊन तो थांबत होता. मग त्यानं मशीन उजवीकडे वळवलं आणि मिसेस वासेकच्या बाजूनं ट्रककडे आणलं, जिथं कर्टिसनं ट्रेलरचं दार खाली टाकलं होतं. मागे एकच पट्टा राहिला होता, मशीनच्या रुंदीचा, कुठल्याही शेजाऱ्याच्या बाजूला घेतात तसा.